विद्युत् शर्यती मोटारगाडी

घटमालेत म्हणजेच बॅटरीत साठविलेल्या विजेवर चालणारी व केवळ शर्यतीसाठी बांधलेली मोटारगाडी. ही कल्पना नवी नाही. ताशी १०० किमी.चा वेग ओलांडणारी पहिली मोटारगाडी विजेवरचीच होती. बेल्जियन चालक कामीय झनात्झी याने २९ एप्रिल १८९९ रोजी पॅरिसजवळ आशेअर येथे ताशी १०५·८८ किमी. वेग गाठला होता. तथापि पेट्रोलच्या तुलनेत घटमालेत मावणारी ऊर्जा फारच थोडी असल्याने पुढील शतकभर शर्यतीचे क्षेत्र पेट्रोल एंजिनाकडेच राहिले. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या मान्यतेने सुरू झालेल्या फॉर्म्युला ई मालिकेची पहिली शर्यत १३ सप्टेंबर २०१४ रोजी बीजिंग येथे झाली आणि विद्युत् गाड्या पुन्हा वरच्या श्रेणीच्या शर्यतीत उतरल्या.

पहिल्या हंगामातील दहा संघांत मुंबईच्या महिंद्रा उद्योगसमूहाचा संघ हा एकमेव भारतीय संघ होता. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या व जीप गाड्यांच्या जुळणीतून मोटार-उद्योगात आलेल्या या समूहाने २०१० मध्ये बंगळूरुची रेव्हा ही विद्युत् मोटारगाड्या बनविणारी कंपनी आपल्याकडे घेतली होती. शर्यतीत उतरण्यामागे हा संबंध होता. करुण चंढोक व ब्रूनो सेना हे संघाचे पहिले चालक. चंढोक बीजिंगच्या शर्यतीत पाचवा आला. त्या वर्षी सर्व संघांना एकाच बनावटीची गाडी देण्यात आली होती : सांगाडा दालाराचा, मोटर मॅक्‌लारेनची, घटमाला विल्यम्सची. त्यामुळे अभियांत्रिकीपेक्षा चालकाची व संघाच्या नियोजनाचीच कसोटी लागली.

या गाडीचे खरे वैशिष्ट्य तिच्या शक्तीत नसून ऊर्जेच्या टंचाईत आहे. पहिल्या पिढीच्या घटमालेतील वापरता येणारी ऊर्जा २८ किलोवॉट-तास, म्हणजे सु. तीन लिटर पेट्रोलमधील ऊर्जेइतकी होती. शर्यतीत परवानगी असलेली १५० किलोवॉट शक्ती सतत वापरली, तर ती अकरा-बारा मिनिटांतच संपली असती. म्हणून शर्यतीच्या मध्यावर चालक रिकामी गाडी सोडून भरलेल्या दुसऱ्या गाडीत बसत असे. हे दृश्य प्रेक्षकांना काहीसे विचित्रच वाटे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे सरळ मार्गाच्या अखेरीस वेग टिकविणे सर्वांत खर्चिक ठरते. कुशल चालक वळणाच्या बऱ्याच आधी पेडलवरून पाय काढून गाडी वाहू देतो. त्यात वेळ थोडा जातो, पण ऊर्जा पुष्कळ वाचते. त्यानंतर मोटर जनित्रासारखी चालवून गतिज ऊर्जेचा काही भाग घटमालेत परत घेतला जातो. सु. ९०० किग्रॅ. वजनाच्या गाडीत ताशी २२५ किमी. वेगाला जवळजवळ अर्धा किलोवॉट-तास गतिज ऊर्जा असते. २८ किलोवॉट-तासांच्या शिधोरीत ही रक्कम लहान नव्हे, आणि ती दर फेरीत अनेकदा हाती येऊ शकते.

दुसऱ्या हंगामापासून मोटर, तिचे विद्युत् नियंत्रक व दंतचक्रपेटी संघांनी स्वतः करावी, असा नियम झाला. सांगाडा व घटमाला मात्र समानच राहिली. निर्माता म्हणून मान्यता मिळालेल्या आठांत महिंद्रा होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये निक हाइडफेल्ड बीजिंगला तिसरा आला. १० जून २०१७ रोजी बर्लिनच्या टेंपेलहोफ विमानतळावर फेलिक्स रोझेनक्विस्टने संघाला पहिला विजय मिळवून दिला. दुसऱ्या दिवशीही अंतिम रेषा त्यानेच प्रथम ओलांडली. पण गाडी बदलताना त्याला असुरक्षितपणे सोडल्याबद्दल संघाला दहा सेकंदांचा दंड झाला आणि विजय हुकला. त्या हंगामात संघ तिसरा आला. २०२१ पर्यंत त्याचे विजय पाच झाले.

डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या घटमालेवर संपूर्ण शर्यत एकाच गाडीत पुरी होऊ लागली. २०२३ मधील तिसऱ्या पिढीत ३५० किलोवॉटची मागील मोटर व केवळ ऊर्जा परत घेण्यासाठी पुढील मोटर बसविली गेली. दोन्ही मिळून ६०० किलोवॉटपर्यंत पुनर्प्राप्ती होऊ लागल्याने घटमाला पूर्वीपेक्षा लहान करता आली व मागील चाकांचे नेहमीचे घर्षण-ब्रेक वगळण्यात आले. हे बदल महिंद्राला जड गेले. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिकोत लुकास दी ग्रासीने अग्रस्थानावरून सुरुवात करून तिसरा क्रमांक मिळविला. परंतु पुढील महिन्यात केप टाउन येथे मागील निलंबनाच्या सुरक्षिततेविषयी शंका आल्याने महिंद्राच्या गाड्या व तिची यंत्रणा वापरणाऱ्या दुसऱ्या संघाच्या गाड्या शर्यतीतून काढून घ्याव्या लागल्या. गुण गमावून चालकांचे जीव जपण्याचा हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे. त्या हंगामात संघ दहावा राहिला. २०२४-२५ मध्ये तो चौथ्या स्थानावर आला.

या मालिकेची भारतातील पहिली शर्यत ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबाद येथे हुसेनसागराच्या काठी झाली. पुढील वर्षीची रद्द करण्यात आली. संघाचे नाव व भांडवल मुंबईचे असले, तरी त्याचा कारखाना इंग्लंडमधील बॅनबरी येथे आहे. शर्यतीसाठी लागणारे कुशल कारागीर, पुरवठादार व चाचणीच्या सोयी त्या परिसरात एकवटल्या आहेत, हे त्याचे कारण. त्यामुळे या अनुभवातील किती अंश भारतीय कारखान्यात उतरतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. समूहाच्या नव्या विद्युत् मोटारगाड्या पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होतात. त्यांचे घटविद्युत् तंत्र शर्यतीच्या गाडीहून वेगळे आहे. उष्णतेचे नियमन, ब्रेक लावताना ऊर्जा परत घेणे व त्यासाठी लागणारी नियंत्रण-प्रणाली या बाबतींत मात्र दोहोंचे प्रश्न एकाच जातीचे आहेत.