खारीचं चाक

‘स्क्विरल केज’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो बेळगावच्या उद्यमबागेत, मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याच्या तोंडून. बोअरची मोटर जळली होती. आतला फिरणारा भाग दाखवत तो म्हणाला, “वैनी, ह्याच्या सळ्या बघा, दोन्ही टोकांना कडी. ह्याला स्क्विरल केज म्हणतात.” म्हणजे खारीचा पिंजरा! मोटरीत खार कुठून आली, हे काही त्याला सांगता आलं नाही. इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या बाईला असला शब्द गप्प बसू देत नाही.

ही रचना १८८९च्या सुमारास जर्मनीत काम करणाऱ्या दोलिवो-दोब्रोवोल्स्की या रशियन इंजिनिअरने व्यवहारात आणली. दोन कड्या आणि मधे सळ्या, असा तिचा आकार. तो बघून तेव्हाच्या लोकांना घरात नेहमी दिसणारी वस्तू आठवली, म्हणून हे नाव पडलं. ती वस्तू म्हणजे पाळलेल्या खारीचं चाक.

हो, तिकडे खारी पाळत असत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत खार हे घरातल्या लेकरांचं लाडकं जनावर होतं. कोपली या चित्रकाराने १७६५ साली आपल्या सावत्र भावाचं चित्र काढलं, त्यात मुलाच्या हातात सोन्याची साखळी आहे आणि तिच्या टोकाला उडती खार. कल्हईवाल्यासारखे तिकडचे पत्र्याचे कारागीर खारींसाठी पिंजरे करत. एका बाजूला झोपायची खोली आणि दुसऱ्या बाजूला गोल फिरणारा पिंपासारखा भाग. खार त्यात धावायची आणि बघणाऱ्यांची करमणूक व्हायची. रानात झाडाझाडावर उड्या मारणाऱ्या जिवाला एका हाताच्या जागेत ठेवायचं तर त्याच्या पायांना काहीतरी काम द्यायलाच हवं, हे त्या पत्रेवाल्यांना कळलं होतं.

अशा एका खारीची हकिकत मला विसरता येत नाही. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा लंडनला राहत होते. त्यांच्या बायकोने, डेबोराने, फिलाडेल्फियाहून एक खार जहाजाने पाठवली. ती एका बिशपच्या मुलीला, जॉर्जियानाला भेट दिली गेली. तिचं नाव मुंगो. १७७२ साली मुंगो पिंजऱ्यातून निसटली आणि कुत्र्याने तिला मारलं. मुलगी रडली असणार. फ्रँकलिननी तिचं सांत्वन करायला पत्रातून मुंगोसाठी थट्टेच्या सुरात एक मृत्युलेख लिहून पाठवला. त्याचा मतलब असा की जास्तीचं स्वातंत्र्य मागणाऱ्यांनी यातून धडा घ्यावा, कारण बंधन वाटतं तेच खरं संरक्षण असतं. आणि हा धडा त्यांनी कोणाकोणाला दिलाय? प्रजेला, मुलग्यांना, खारींना आणि मुलींना, सगळ्यांना एका ओळीत बसवून! चारच वर्षांनी, १७७६ला, याच गृहस्थांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. म्हणजे ओळीतून प्रजा तेवढी सुटली. मुली आणि खारी पुढं कितीतरी वर्षं तिथंच.

थट्टाच होती, मान्य. पण आपल्यापैकी किती जणींनी हीच थट्टा गंभीर आवाजात ऐकली आहे!

त्याच काळात चाकात धावणं म्हणजे सगळीकडे खेळ नव्हता, हेही ध्यानात ठेवायला हवं. इंग्लंडच्या मोठ्या स्वयंपाकघरांत मांस भाजायची सळई फिरवायला भिंतीवरच्या चाकात कुत्रा घालत. चुलीची धग, वर वास, आणि तो आपला धावतोय. १८१८ साली विल्यम क्युबिट या इंजिनिअरने तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायचाक काढलं, त्यावर माणसं तासन् तास पायऱ्या चढत आणि कुठेच पोचत नसत. आपला घाण्याचा बैल निदान तेल तरी काढायचा. मग खारीच्या चाकाला काय म्हणायचं, घाणा की झोपाळा?

शास्त्रज्ञांनी आधी हा प्रश्न विचारलाच नाही, त्यांनी फेऱ्या मोजल्या. १८९८ साली स्ट्यूअर्ट नावाच्या अमेरिकन संशोधकाने फिरत्या पिंजऱ्यात उंदरांच्या रोजच्या हालचालींची नोंद केली. १९२०नंतर बाल्टिमोरला कर्ट रिश्टरने याच चाकावर पुढं बरंच काम केलं. तिथेच वँग या संशोधकाने १९२३ साली दाखवलं की उंदराची मादी साधारण दर चौथ्या दिवशी, माजावर असते त्या वेळी, एरवीपेक्षा कितीतरी जास्त धावते. शरीराचं आतलं घड्याळ असं चाकाच्या फेऱ्यांत उमटलं.

आज घराघरांत या चाकावर धावतो तो हॅमस्टर. त्याची कथा औषधाच्या शोधातून सुरू होते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले सॉल अॅडलर काळा आजार ज्या गटातला, त्या रोगांवर काम करत होते. हाच काळा आजार आपल्याकडे बंगाल-बिहारला पिढ्यानपिढ्या छळत आला. प्रयोगासाठी त्यांना लहान, पटकन वाढणारं जनावर हवं होतं. १९३० साली इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाने सीरियात अलेप्पोजवळ शेत खणून हॅमस्टरची मादी आणि तिची पिल्लं मिळवली. पकडल्यावर घाबरलेल्या आईने एका पिल्लाला मारलं, मग आईलाही मारण्यात आलं. बाकीची पिल्लं अहारोनी नवराबायकोने हाताने वाढवली. काही पिंजरा कुरतडून पळाली, मोजकी उरली. आज जगभर पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळे त्या एका बिळातले.

माझ्या जावेच्या नातीकडे असा एक आहे. तिच्या मामाने मुंबईहून आणला. जाऊबाई नाराज, कारण अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘बंध’ येतो, मुक्या जिवाला कोंडून ठेवणं येतं. नात म्हणते, “आज्जी, त्याला आवडतंय गं, बघ ना कसा पळतो!” “पळंल न्हाई तर काय करंल?” हे आज्जीचं उत्तर. वाद दोघींचा, पण प्रश्न तोच, घाणा की झोपाळा.

त्याचं एक उत्तर हॉलंडहून आलं. लायडन विद्यापीठाच्या योहाना मेयर आणि युरी रॉबर्स यांनी मोकळ्या जागेत, एक चाक हिरवळीत आणि एक समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांत, असं ठेवून कॅमेरे लावले. कोणाला कोंडलं नव्हतं. रानटी उंदीर आले, चाकावर चढले, धावले, उतरले, परत आले. एक तर सलग १८ मिनिटं धावला. खायला ठेवणं बंद केल्यावरही येत राहिले. बेडूक आणि गोगलगायीसुद्धा चाकावर गेल्या! २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे नातीचं बरोबर, चाक त्यांना हवंसं वाटतं. पण ते उंदीर हवं तेव्हा खाली उतरून घरी जात होते, तेव्हा जाऊबाईंचंही खोटं नाही.

तरी मोकळं सोडून द्या, असं मी म्हणणार नाही. अलेप्पोच्या गव्हाच्या शेतातला जीव आमच्या बेळगावात सोडला तर मांजर आणि घारी त्याची मुंगो करतील. खारीपुरते फ्रँकलिन बरोबर होते. मुलींपुरते नाहीत.

मी फक्त नातीला चाक बदलायला लावलं. दुकानातून पिंजऱ्याबरोबर आलेलं चाक वीतभरही नव्हतं, धावताना पाठ वाकून धनुष्य व्हायची. सोनेरी हॅमस्टरला साधारण ३० सेंटिमीटर व्यासाचं लागतं, आणि आत सळ्या नकोत, पाय अडकतो. पृष्ठभाग सलग हवा. बंद प्लॅस्टिकचा गोळा तर नकोच, त्यातून त्याला स्वतःहून बाहेर पडता येत नाही. दात जन्मभर वाढतात, म्हणून कुरतडायला लाकूड, लपायला घर, उकरायला खोल भुसा. (गिनीपिगला मात्र चाक देऊ नका, त्याच्या पाठीला ते सोसत नाही.)

आता रात्री अकराला चाक सुरू होतं. सूर्यास्तानंतरच हा उठून खातो, त्यामुळे जाऊबाईंच्या घरात रात्रीभोजन करणारा हा एकटाच. त्या कुरकुर करत उठतात, पाण्याची बाटली भरलेली आहे का बघतात, आणि जरा वेळ तिथंच उभ्या राहतात.