‘टेकिंग द लाँग वे’ : बहिष्कारानंतरच्या गाण्याची घडण

जाहीर वादात सापडलेल्या कलावंताने त्यानंतर निर्माण केलेली कृती तपासताना दोन प्रश्नांची गल्लत होते. कलावंत बरोबर होता का, हा पहिला. वादाने त्याच्या कलेचे काय केले, हा दुसरा. येथे दुसऱ्याचाच विचार करायचा आहे. त्यासाठी अमेरिकेतील डिक्सी चिक्स या कंट्री गटाचा २००६ सालचा ‘टेकिंग द लाँग वे’ हा अल्बम घेतला आहे. माझे प्रतिपादन असे की बहिष्काराने या गटाचा श्रोता हिरावला आणि श्रोता बदलल्यामुळे गाण्याचे कर्तेपण, वाद्यमेळ आणि भाव ही तिन्ही अंगे बदलली. राजकारण या बदलाचे निमित्त आहे. अल्बमचा आशय वेगळाच आहे.

आधी घटनाक्रम. १० मार्च २००३ रोजी लंडनच्या शेपर्ड्स बुश एम्पायर सभागृहात मुख्य गायिका नॅटली मेन्स हिने आपला युद्धविरोध सांगितला आणि राष्ट्राध्यक्ष बुश टेक्सासचे आहेत याची लाज वाटते, असे म्हटले. गटातल्या तिघीही टेक्सासच्याच, हे त्या वाक्याचे मर्म होते. दहा दिवसांत इराकवर आक्रमण झाले. मेन्सने माफी मागितली, तरी सीडींवरून ट्रॅक्टर फिरवले गेले आणि कंट्री रेडिओने गटाची गाणी बंद केली. त्या आठवड्यांत ‘ट्रॅव्हलिन सोल्जर’ हे त्यांचे गाणे कंट्री यादीत अग्रभागी होते. व्हिएतनामला गेलेला एक तरुण सैनिक आणि त्याची वाट पाहणारी मुलगी, असा त्याचा विषय. सैनिकांच्या सन्मानाच्या नावाखाली सैनिकाच्या मरणावरचे गाणे यादीतून पडले, हे मला आजही सहन होत नाही.

बहिष्कार एवढा परिणामकारक का ठरला, याचे उत्तर रेडिओच्या रचनेत आहे. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रे बाळगावीत यावरची मर्यादा उठवली. त्यामुळे क्युम्युलस मीडियासारख्या कंपनीने आपल्या कंट्री केंद्रांवर बंदी घातली की एका कचेरीतल्या निर्णयाने अनेक गावांतून गाणे नाहीसे होई. जुलै २००३ मध्ये सिनेटच्या समितीने याबद्दल जाब विचारला. मात्र सारा दोष कंपन्यांवर ढकलणे खरे नाही. हुकूम वरून आला, पण रोष खालूनही आला होता. केंद्रांना फोन करणारे श्रोते खरे होते. कंट्री संगीतात गायक आणि श्रोता यांचे नाते घरोब्याचे मानले जाते, आणि घरच्या माणसाने परगावी जाऊन घरची निंदा केली, असे त्या श्रोत्यांना वाटले.

आता पहिले अंग, कर्तेपण. कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या रिवाजात गीतकार वेगळा आणि गायक वेगळा असतो. या गटाची मोठी गाणीही बव्हंशी इतरांची : ‘वाइड ओपन स्पेसेस’ सुझन गिब्सनचे, ‘ट्रॅव्हलिन सोल्जर’ ब्रूस रॉबिसनचे. २००६ च्या अल्बममधील चौदाही गाण्यांच्या लेखनात मात्र तिघींचा सहभाग आहे. सोबतीला डॅन विल्सन, नील फिन, शेरिल क्रो असे कंट्रीच्या बाहेरचे गीतकार. हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो. पूर्वीच्या गाण्यांतला ‘मी’ हे घेतलेले सोंग होते. आता ‘मी’ म्हणजे गाणारी बाईच. म्हणूनच ‘सो हार्ड’मध्ये मूल होण्यातला खडतर प्रवास येतो. ‘लबक ऑर लीव्ह इट’मध्ये मेन्स आपल्या जन्मगावाशी भांडते, बडी हॉलीचेही तेच गाव. रेडिओला काय रुचेल हा हिशोब संपल्यावरच हे लिहिता आले.

दुसरे अंग, वाद्यमेळ. निर्माता रिक रुबिन. हिपहॉप, हेवी मेटल आणि जॉनी कॅशचे उत्तरायुष्यातले अल्बम ही त्याची ओळख. ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसला झाले आणि ड्रम्सवर रेड हॉट चिली पेपर्सचा चॅड स्मिथ आला. चारच वर्षांपूर्वीचा ‘होम’ हा अल्बम ब्लूग्रासच्या वळणाचा होता. त्यात मार्टी मॅग्वायरचे फिडल आणि एमिली रॉबिसनचा बँजो संवाद करत. येथे ती वाद्ये बऱ्याच गाण्यांत मागे सरकली आहेत आणि सत्तरीच्या दशकातल्या कॅलिफोर्नियाच्या रॉकचा रंग चढला आहे. हे नुकसान आहे, आणि ते नुकसान म्हणूनच नोंदवले पाहिजे. मधली काही गाणी एकाच मध्यलयीत रेंगाळतात, तीही त्यामुळेच.

तिसरे अंग भावाचे, आणि त्यासाठी ‘नॉट रेडी टु मेक नाइस’ हे गाणे सविस्तर पाहावे लागेल. त्याला सर्रास निषेधगीत म्हणतात. आपल्या रसविचाराच्या भाषेत निषेधगीताचा स्थायीभाव बहुधा उत्साह असतो. ते ‘आम्ही’ म्हणते आणि समूहाला हाक देते. या गाण्यात हाक नाही, युद्ध नाही, राष्ट्राध्यक्षही नाही. मग क्रोध आणि रौद्र रस म्हणावा, तर सुरुवात हलक्या गिटारवर, जवळजवळ थकलेल्या आवाजात होते. भरताने नाट्यशास्त्रात सांगितलेल्या व्यभिचारी, म्हणजे येऊनजाऊन असणाऱ्या, भावांपैकी अमर्ष हा येथे नेमका लागू पडतो. ऐश्वर्याने वा बळाने अधिक असलेल्यांनी अवमान केल्यावर उपजतो तो अमर्ष. गाण्याची घडण त्याच क्रमाने जाते : क्षमा आणि विस्मरण यांविषयीची शंका, हळूहळू चढणारी तंतुवाद्ये, मग मधल्या कडव्यात आवाजाचा स्फोट. तो स्फोट येतो तो आईने लेकीला अनोळखी माणसाचा द्वेष शिकवल्याच्या चित्रावर आणि जीवे मारण्याच्या धमकीच्या पत्रावर. अशी धमकी खरोखरच आली होती. जुलै २००३ मध्ये डॅलसची मैफल त्या सावटाखाली झाली. शेवटी गाणे पुन्हा सुरुवातीच्या शांततेत येते. काहीच मिटलेले नसते. समेट झालेला नसताना त्याचे गाणे लिहायला या तिघींनी नकार दिला, आणि अल्बमची कलात्मक सचोटी मला त्या नकारात दिसते.

फलिताबद्दल थोडक्यात. २३ मे २००६ रोजी प्रकाशित झालेला हा अल्बम पहिल्या आठवड्यात सुमारे ५ लाख २६ हजार प्रतींच्या विक्रीने अमेरिकी यादीत पहिला आला. फेब्रुवारी २००७ मध्ये गटाला पाच ग्रॅमी मिळाले. त्यांत वर्षातील अल्बम, रेकॉर्ड आणि गीत हे तिन्ही मोठे मान होते. त्यानंतर ‘नॉट रेडी’ सर्वसाधारण यादीत ४ थ्या स्थानी पोचले. कंट्री यादीत ते ३६ व्या स्थानापलीकडे गेले नाही. म्हणजे नवा श्रोता मिळाला, जुना परतला नाही. अमेरिकेतल्या काही शहरांतले कार्यक्रम रद्द करावे लागले, कॅनडातले वाढले. गटाचा पुढचा स्टुडिओ अल्बम ‘गॅसलाइटर’ २०२० मध्ये, चौदा वर्षांनी आला. तोवर नावातले ‘डिक्सी’ त्यांनी वगळले होते.

हा अल्बम प्रथमच ऐकणाऱ्याने गाजलेल्या गाण्यापासून सुरुवात करू नये. स्मृती हरवत चाललेल्या आप्तावरचे ‘सायलेंट हाउस’ आधी ऐकावे.