मध्यम सेडान : नवी घ्यावी की वापरलेली? सीमेवरील बऱ्हाणपूरच्या बाजारातून

तापीकाठचे बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असले, तरी त्याचा निम्मा व्यवहार खानदेशाशी चालतो. रावेर, मुक्ताईनगर, भुसावळ ही गावे मोटारीने तास-दीड तासाच्या टप्प्यात आहेत. इंदूर मात्र सुमारे १८० किलोमीटर दूर, आणि तेही सातपुडा ओलांडून. साहजिकच शनवारा दरवाजापासून लालबागच्या रेल्वे स्थानकापर्यंत एमपी-६८ क्रमांकाच्या मोटारींच्या बरोबरीने जळगावच्या एमएच-१९ आणि बुलढाण्याच्या एमएच-२८ क्रमांकाच्या मोटारीही फिरताना दिसतात. कुटुंबासाठी सेडान शोधणाऱ्या येथील गिऱ्हाइकासमोर एकाच वेळी दोन राज्यांचा बाजार खुला असतो. गोव्यातील वाचकाला ही स्थिती नवखी वाटू नये. सावंतवाडी, बेळगाव आणि कारवार या तिन्ही दिशांनी तेथेही वापरलेल्या गाड्यांची ये-जा चालूच असते. म्हणूनच बऱ्हाणपूरची पडताळणी त्या वाचकालाही उपयोगी पडणारी आहे.

मध्यम सेडान म्हणजे साधारण साडेचार मीटर लांबीची, पाच जणांची, स्वतंत्र डिकी असलेली मोटार. भारतात या वर्गाला खरी ओळख मिळाली ती १९९८ मध्ये आलेल्या होंडा सिटीमुळे. ह्युंदाईची व्हर्ना २००६ मध्ये आणि मारुतीची सियाझ २०१४ मध्ये त्या पंक्तीत येऊन बसली. पुढे ग्राहक उंच बांधणीच्या एसयूव्हीकडे वळला आणि हा वर्ग आक्रसत गेला. टोयोटाची यारिस २०२१ मध्ये बंद झाली, सियाझचे उत्पादन २०२५ मध्ये थांबले. आता नवी मध्यम सेडान घ्यायची तर होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाविया एवढीच नावे प्रामुख्याने उरतात. मारुती डिझायर, होंडा अमेझ किंवा ह्युंदाई ऑरा या चार मीटरच्या आत बसवलेल्या धाकट्या सेडान होत. त्यांचा हिशेब वेगळा.

तो वेगळा हिशेब प्रामुख्याने कराचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवर १८ टक्के जीएसटी लागतो, तर त्याहून मोठ्या मोटारींवर ४० टक्के. पूर्वी १,५०० सीसीपर्यंतच्या मध्यम सेडानवर उपकरासह ४५ टक्के भार होता. म्हणजे तीही काहीशी स्वस्त झाली, पण धाकट्या सेडानशी असलेले तिचे अंतर वाढले. साडेचार मीटरच्या गाडीसाठी खरेदीदार हा फरक मोजतो तो मागच्या आसनाच्या ऐसपैसपणासाठी, डिकीसाठी आणि महामार्गावरील स्थैर्यासाठी. या तिन्हींची गरज नसेल, तर मध्यम सेडानचा विचार येथेच सोडून देणे शहाणपणाचे.

गरज आहे का, हे ठरवण्यासाठी तपशीलपत्रकापेक्षा कुटुंबाचा दिनक्रम अधिक उपयोगी पडतो. बऱ्हाणपूरच्या एखाद्या घरात उपचारासाठी वृद्धांना वरचेवर इंदूरला न्यावे लागत असेल, तर सेडानचे मागचे आसन ही तिची सर्वांत मोठी जमेची बाजू ठरते. व्हर्ना, व्हर्टस व स्लाविया यांच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर २,६५० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक आहे. सिटीचे २,६०० आहे. तरीही आकड्यांवर न विसंबता गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठाला प्रत्यक्ष शोरूममध्ये नेऊन बसवावे आणि उठवावे. सेडानचे आसन जमिनीलगत असते. काहींना त्यातून उठणे जड जाते आणि मग सारे आरामदायीपण निरर्थक ठरते. ही परीक्षा फार थोडे खरेदीदार घेतात.

डिकीबाबत हा वर्ग उदार आहे. सिटीची ५०६ लिटर, व्हर्टस आणि स्लावियाची ५२१, व्हर्नाची ५२८ लिटर. चार जणांचे लग्नाचे सामान त्यात सहज मावते. जमिनीपासूनच्या उंचीत मात्र सेडान मार खाते. सिटीची उंची १६५ मिलिमीटर, व्हर्टस व स्लावियाची १७९. आणि पाच माणसे व सामान भरल्यावर प्रत्यक्ष अंतर यापेक्षा कमीच उरते. खेड्यापाड्यांतले गतिरोधक कोणत्याही मोजमापाने बांधलेले नसतात. ज्यांना रोज केळीच्या मळ्यापर्यंत गाडीवाटेने जायचे आहे, त्यांच्यासाठी ही मोटार नव्हे. चाचणी फेरीला निघताना सोबत चार माणसे घ्यावीत, आणि घराजवळच्या सर्वांत वाईट गतिरोधकावरून गाडी न्यावी. एकट्या चालकाने गुळगुळीत रस्त्यावर घेतलेली फेरी जवळजवळ काहीच सांगत नाही.

इंजिनाची निवड आता सोपी झाली आहे, कारण डिझेल या वर्गातून बाहेर पडले आहे. सियाझचे डिझेल २०२० मध्ये, सिटी आणि व्हर्ना यांचे २०२३ मध्ये बंद झाले. उरते पेट्रोल, आणि सिटीचा विद्युत-पेट्रोल संकर, जो शहरातील थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत इंधन वाचवतो. बऱ्हाणपूरसारख्या उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या गावी स्वयंचलित गिअरपेटीचा प्रकार विचारून घ्यावा. दुहेरी क्लचची कोरडी गिअरपेटी महामार्गावर चपळ असते, परंतु कडक उन्हात मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रांगेत ती तापते. जुन्या शहराच्या दरवाजांतून आणि बोळांतून जिची रोजची ये-जा आहे, त्या गाडीसाठी साधी हाताची गिअरपेटी किंवा सीव्हीटी अधिक निर्धास्त. सुरक्षेच्या बाबतीत व्हर्टस, स्लाविया आणि व्हर्ना या तिघींना २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत प्रौढ प्रवाशांसाठी पाच तारे मिळाले.

आता वापरलेल्या गाडीकडे वळू. नव्या मध्यम सेडानचा शोरूम दर साधारण दहा ते वीस लाखांच्या दरम्यान पडतो. त्यावर रस्ता कर, विमा आणि नोंदणी. मोटार विम्याच्या घसाऱ्याच्या कोष्टकात दोन ते तीन वर्षे वयाच्या गाडीचे मूल्य ३० टक्क्यांनी, तर चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीचे ५० टक्क्यांनी घटवलेले असते. बाजारभाव या कोष्टकाला बांधलेला नसतो, पण घासाघीस करताना हे एक विश्वासार्ह माप हाताशी असते. एसयूव्हीच्या लाटेमुळे सेडानला पुनर्विक्रीत गिऱ्हाईक कमी. विकणाऱ्याचे हे दुर्दैव घेणाऱ्याचे भाग्य ठरते. वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटरच फिरणाऱ्या कुटुंबाने नवी सेडान घेण्याचे समर्थन करणे कठीण आहे. तीन ते पाच वर्षांची, एकाच मालकाची, नोंदी पूर्ण असलेली पेट्रोल सेडान हाच त्यांच्यासाठी रास्त सौदा.

वर्ष निवडताना काही टप्पे ध्यानात असावेत. एबीएस ब्रेक आणि चालकाची एअरबॅग या गोष्टी सर्व नव्या मोटारींत २०१९ च्या मध्यापर्यंत सक्तीच्या झाल्या. पुढच्या सहप्रवाशाची एअरबॅग २०२१ अखेरीस. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलला साजेसे सुटे भाग नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून अपेक्षित आहेत. त्याआधीच्या गाडीत इंधननळ्या व रबरी भाग मेकॅनिककडून पाहून घ्यावेत. सियाझ किंवा यारिससारखी बंद झालेली गाडी निषिद्ध नाही. सियाझचे यांत्रिक भाग मारुतीच्या इतर गाड्यांशी बऱ्याच अंशी सामाईक असल्याने तिची चिंता कमी. मात्र दिवे, बंपर, काचा अशा खास तिच्याच भागांची उपलब्धता आधी विचारावी.

गाडी पाहायला भर दुपारी जावे. सकाळी थंड हवेत प्रत्येक एसी चांगलाच चालतो. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असेल, तर त्यामागे कारण असू शकते. पत्र्याच्या सांध्यांतील अंतर दोन्ही बाजूंना सारखे आहे का, बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा आहेत का, सर्व काचांवरील उत्पादन-वर्षाची खूण एकमेकींशी जुळते का, हे पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही. टायरवरील चार अंकी आकड्यात आठवडा आणि वर्ष असते : २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. वीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे टायर जर दुसऱ्यांदा बदललेले असतील, तर काटा मागे फिरवला आहे, असे धरून चालावे. अधिकृत कार्यशाळेतील सर्व्हिसच्या नोंदी हा त्यावरचा सर्वांत भक्कम पुरावा.

नदीकाठच्या गावातली किंवा पुराच्या प्रदेशातून आलेली गाडी असेल, तर गालिचा उचलून खालचा पत्रा, आसनांच्या रुळांवरील गंज, फ्यूजपेटीतील गाळ आणि सुट्या चाकाची खोबण तपासावी. किनारपट्टीवरच्या गाडीत शत्रू वेगळा : खाऱ्या हवेने दारांच्या खालच्या कडा, सायलेन्सर आणि सस्पेन्शनच्या जोडण्या आतून पोखरल्या जातात, आणि वरून रंग तुकतुकीत दिसतो. गोव्यातून घेतलेली गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय सौदा करू नये. तेथे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, गाडी पूर्वी भाड्याने दिली जाणाऱ्या ताफ्यात होती का?

बऱ्हाणपूरकरांच्या हाती चढाची एक उत्तम परीक्षा आहे. उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर असीरगड लागतो आणि रस्ता सातपुड्यात शिरतो. तेथपर्यंत चार माणसांसह, एसी चालू ठेवून गाडी न्यावी. वरच्या गिअरमध्ये वेग वाढवताना इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी रेटत नाही, तर क्लच संपत आला आहे. तापमानाचा काटा मध्यावरून हलला, तर शीतकरणात दोष आहे. उतारावर ब्रेक दाबताना स्टीअरिंग थरथरले, तर डिस्क वाकड्या झाल्या आहेत. यांतील प्रत्येक दोषाची किंमत मेकॅनिककडून काढून घेऊन ती सौद्यातून वजा करता येते. दुरुस्त न होणारे दोष दोनच : वाकलेली चासी आणि सदोष कागद.

या बाजारातील खरी जोखीम कागदात आहे. सीमेपलीकडून स्वस्तात मिळालेली एमएच-१९ क्रमांकाची सेडान अनेक जण वर्षानुवर्षे त्याच क्रमांकावर आणि जुन्या मालकाच्या नावावर बऱ्हाणपुरात चालवतात. दोन्ही बाजूंना रोजची ये-जा असल्याने कोणाला काही वावगे वाटत नाही. कायदा मात्र स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाकडून नमुना २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि थकलेली ई-चलने, कर किंवा बँकेचा बोजा असेल तर ते अडते. बोजा फेडलेला असला तरी नमुना ३५ देऊन तो नोंदणीपुस्तकातून उतरवावा लागतो. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. शिवाय नव्या राज्यात गाडीच्या वयानुसार रस्ता कर भरावा लागतो. जुन्या राज्यातील आजीवन कराचा उर्वरित भाग परत मागता येतो, पण तो हाती पडण्यास वेळ लागतो. पुण्यातील वा जळगावातील गाडी बऱ्हाणपूरपेक्षा स्वस्त वाटली, तर दोन्ही आकड्यांतील फरकातून हा कर आधी वजा करून पाहावा. बहुधा स्वस्ताई बरीच विरघळते.

विकणाऱ्याची जोखीम याहून मोठी आहे. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून किल्ली देणारा माणूस गाडीतून मोकळा होतो, जबाबदारीतून नाही. एका प्रकरणात गाडी अनेक हातांतून गेली होती, पण नोंदीत नाव पहिल्याच मालकाचे राहिले होते. अपघाताच्या भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरले. कलम ५० प्रमाणे विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेरील विक्रीत ४५ दिवसांत हस्तांतरणाची माहिती द्यायची असते; खरेदीदाराने ३० दिवसांत. विम्याची बदली १४ दिवसांत मागावी. त्रयस्थाच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर जाते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण विमा कंपनीने नोंद केल्याशिवाय नव्या मालकाला मिळत नाही. 'नो क्लेम बोनस' विकणाऱ्याचाच राहतो.

बाहेरून सीएनजी संच बसवलेली सेडान असेल, तर नोंदणीपुस्तकात त्याची नोंद आणि टाकीच्या दर तीन वर्षांच्या दाबचाचणीचे प्रमाणपत्र पाहावे. नसल्यास संच उतरवण्याचा खर्च हिशेबात धरावा. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, म्हणून व्यवहार बँकेमार्फतच करावा. सीमेपलीकडच्या गाडीची पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी देऊ नये. काही भाग ना-हरकत प्रमाणपत्र हाती येईपर्यंत राखून ठेवण्याची अट लेखी घालावी. ताब्याच्या पावतीवर दोघांच्या सह्या, किलोमीटरचा आकडा आणि तारखेसोबत ताबा दिल्याची वेळही लिहावी, कारण त्याच संध्याकाळी अपघात झाला किंवा चलन फाटले, तर गाडी कोणाच्या हातात होती हे त्या वेळेवरूनच ठरवावे लागते.