मस्टरवर नसलेले मूल

१९७२ च्या दुष्काळावर पुष्कळ लिहिले गेले. खडी किती फुटली, पाझर तलाव किती झाले, मजूर किती लाख होते, हे सारे नोंदलेले आहे. त्या मजुरांतल्या बाईच्या पदराखाली जे मूल होते, त्याची नोंद मात्र नाही. मस्टरवर बाईचे नाव, हजेरी आणि अंगठा. म्हणून इतिहास शिकवणाऱ्या मला इथे आजीलाच साधन मानावे लागते.

आजी वाशीजवळ खडी फोडायला जायची. माझे वडील तेव्हा आठ महिन्यांचे. बाभळीला लुगड्याची झोळी आणि झोळीपाशी सात वर्षांची माझी आत्या. पोर रडले की आत्या हाक मारी. पण हातोडा ठेवून उठले की माप कमी भरे, आणि मजुरी तर मापावर. "छाती ठणकायची, लुगडं भिजायचं, अन् लेकरू तिकडं उपाशी," आजी सांगते. पुढे लुगडे भिजायचेही थांबले. मूल वेळेवर छातीला लागले नाही तर दूध आटतेच. पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ५०० उष्मांक जास्तीचे लागतात असे आहारशास्त्र सांगते. आजीच्या ताटात लाल मिलोची भाकरी. कामावर मजुरांना मिळणारी सुकडी ती स्वतः न खाता राखून ठेवी आणि आत्या ती पाण्यात कालवून बाळाला चाटवी.

वडील जगले. आत्या पुन्हा शाळेत गेली नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझ्या नावावर आहे, पण तिची फी आत्याने भरली असे मी मानतो.

हा प्रश्न एकट्या दुष्काळाचा नव्हता. मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका कामावर जाताना बाळाला अफूची गोळी देत. १९२० नंतरच्या दशकात डॉ. बार्न्स यांनी ते सरकारपुढे मांडले. २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेब मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, हा त्यांचा मुद्दा. आपण जयंतीला संविधानावर बोलतो. हे भाषण कितीदा वाचतो?

१९२९ चा तो कायदा मुंबई इलाख्यातल्या कारखान्यांपुरता राहिला. उस्मानाबाद सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या दिल्या. म्हणजे आजी खडी फोडत होती तेव्हा तो कायदा ११ वर्षांचा होता! खडीच्या ढिगापर्यंत तो आला नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर पाच लहान मुले असली तर सांभाळायला एक बाई नेमा म्हटले. पण दसऱ्यानंतर आमच्या भागातून कोयते निघतात ते उसाच्या फडावर, आणि तिथे हिशोब टनावर. अंगणवाडीत आईला शिकवतात: सहा महिने फक्त अंगावरचे दूध, मग मऊ घट्ट अन्न आणि दोन वर्षांपर्यंत दूध चालूच. शिकवण खरी आहे. पण पहाटे तीनला मोळ्या बांधणाऱ्या बाईने ती कोणत्या तासात पाळावी, हे कोणी सांगत नाही.

यंदा मी वर्गात मुलांना घरी जाऊन एकच विचारायला सांगितले: तुम्ही तान्हे असताना झोळीपाशी कोण होते? वह्या परत आल्या. आजी नसलेल्या ठिकाणी सगळी नावे बहिणींची आहेत.