शिंपला-निरीक्षण

जलप्रदूषण ओळखण्यासाठी द्विपुट मृदुकाय प्राण्यांचा केलेला उपयोग. बहुधा एका जागी राहून कल्ल्यांतून अखंड पाणी गाळणारा हा जीव शिसे, पारा, कॅडमियम यांचे सूक्ष्म अंश देहात साठवीत असल्यामुळे, पाण्याच्या एका नमुन्यातून निसटणारा तपशील त्याच्या दप्तरी मात्र नोंदलेला सापडतो. थंड किनाऱ्यांवरील शिनाणी या शिंपल्यांवर आधारलेली जागतिक निरीक्षणयोजना एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये मांडली. कोकण-गोव्यात ही साक्ष हिरवी शिनाणी व कालवे देऊ शकतात. मराठवाड्याच्या समुद्रहीन मुलखाला जवळचा दाखला गोदावरीचा: पैठणनजीकच्या लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या गोड्या पाण्यातील शिंपल्यावर तेथील प्राणिशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. आकारमान व प्रजननकाळ यांनुसार धातूंचे प्रमाण पालटते. म्हणून समान लांबीचे शिंपले एकाच ऋतूत तपासणे अगत्याचे.