दुरडीतली भाजी, फ्रिजमधली भाजी

गणपती बसले की आमच्या घरचा फ्रिज भरतो आणि महालक्ष्म्या उठल्या की त्यातून काहीतरी सडलेले निघते. कधी काळी पडलेली कोथिंबीर, कधी पाणी सुटलेला पालक. बहुधा सगळ्यांच्याच घरी हे होत असावे. गेल्या वर्षी महाप्रसादाच्या आदल्या संध्याकाळी मंडपामागे मेथी निवडायला बसलो होतो, तेव्हा हाच विषय निघाला. कुणी म्हणाले, भाजी धुऊनच ठेवावी. कुणी म्हणाले, धुतली की संपलीच. काही जण वर्तमानपत्राच्या बाजूचे, काही डब्याच्या. शेवटी एका काकूंनी विचारले, "फ्रिज नव्हता तेव्हा तुमच्या गावी काय करायचे हो?" त्या दिवशी उत्तर अर्धेच राहिले, म्हणून स्मरणिकेत थोडी जागा मागून घेतली.

आमचे गाव खटकचिंचोळी. बिदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यातले होबळीचे गाव. चिंचोळी नावाची गावे या पट्ट्यात बरीच आहेत; शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात तर चिंचोळी हा तालुकाच आहे. त्यामुळे 'खटक' लावल्याशिवाय आमची ओळख पटत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या मुलखात होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलो आणि १९७३ मध्ये त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. जुन्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे आणि पुढे महाराष्ट्रात गेले, आम्ही राहिलो. घर जागेवरच होते, पाटी बदलत गेली. त्या आधीपासून आणि नंतरही आमच्यातले पुष्कळजण शिक्षणाला, नोकरीला हैदराबादला आले आणि इथलेच झाले.

भाजीच्या लेखात हा राज्यांचा हिशेब कशाला, असे वाटेल. पण तो आमच्या ताटात उतरलेला आहे. जी घरात अंबाडी, ती गावच्या बाजारात कानडी बोलणाऱ्या बाईकडे पुंडी पल्ले आणि इथे हैदराबादेत गोंगुरा. तिन्ही नावांनी आम्ही ती मागतो, आणि तिन्ही नावांनी ती फ्रिजमध्ये तितक्याच लवकर सुकते.

आमच्या लहानपणी 'भाजी आणायची' असे कुणी म्हणत नसे, 'माळवं' आणायचे. आठवडी बाजारातून कांदे, वांगी, दोडकी यायची आणि बाजार ते बाजार पुरवली जायची. पालेभाजी मात्र अर्धी-अधिक बाजाराची वस्तूच नव्हती. ती शेतातून परतणाऱ्या बायकांच्या ओटीतून यायची. पावसाळ्यात घोळ, तांदुळजा, पाथरी, कुर्डू. रब्बीत करडईचा कोवळा पाला आणि हरभऱ्याचे शेंडे. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाडाला आडव्या फांद्या फुटतात, म्हणजे भाजीही होते आणि पीकही भरते. मेथी, शेपू, चुका हे मोटेच्या किंवा पाटाच्या पाण्यावर, मळ्याच्या कडेला. लागेल तेवढेच खुडायचे, बाकीचे जमिनीत राहू द्यायचे. पालेभाजी ताजी ठेवण्याची आमच्या गावची पहिली रीत म्हणाल तर हीच. मुळावर उभी असलेली मेथी शिळी होत नाही.

प्रश्न यायचा तो उन्हाळ्यात आणि सणासुदीला, जेव्हा आज आणलेले उद्या-परवा लागणार असायचे. माळवदाचे घर, जाड भिंती, आणि आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात पाण्याचा रांजण. रांजण जमिनीवर नसे. त्याच्या बुडाखाली वाळू असायची, आणि पाझरून पाझरून ती बारमाही ओली. त्या वाळूत लिंबे पुरलेली असायची आणि वाळूवर भाजीची दुरडी. आजी जुडी आली की आधी तिचा दोरा सोडायची. पिवळे पान, मोडलेली काडी बाजूला. मुळे कापायची नाहीत, फक्त माती झटकायची. मग ओले करून घट्ट पिळलेले जुने धोतराचे फडके दुरडीत, त्यात भाजी सैल पसरलेली, वरून फडक्याचीच घडी. घरात नवीन आलेल्या सुनेला ती सांगायची, "वारं लागू देऊ नको अन् पाणी बी साचू देऊ नको. दोन्हीनं मरतंय ते." विड्याची पाने, दूर्वा, पत्री यांनाही हाच न्याय होता.

आजीच्या त्या एका वाक्यात जवळजवळ सगळे शास्त्र आले. खुडलेले पान मेलेले नसते. ते श्वास घेत असते आणि अंगातले पाणी हवेला देत असते. मुळाकडून नवे पाणी येणे मात्र थांबलेले असते. वजनाच्या शेकडा तीन ते पाच भाग पाणी गेले की पालकासारखे पान मान टाकते. ओले फडके काय करते, तर कोरड्या हवेला स्वतःचे पाणी देऊन टाकते, म्हणजे पानाला द्यावे लागत नाही. शिवाय पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून रांजणाजवळचा कोपरा गार. पण पाण्याचा थेंब पानावर बसून राहिला की तिथे बुरशी आणि कुज सुरू होते. म्हणून फडके पिळायचे.

ही युक्ती कोरड्या हवेची. बिदरकडचा उन्हाळा कडक आणि कोरडा, तिथे ती उत्तम चालते. भाद्रपदात हवाच दमट असते, पाणी उडत नाही, रांजणही गारवा धरत नाही. पण तेव्हा परसात आणि बांधावर इतके हिरवे असायचे की साठवायची कुणाला गरज! दिल्लीच्या पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार झाला. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू, ती वाळू रोज भिजवायची, वर ओले झाकण. त्याचे चित्र आम्ही प्रथम पाहिले तेव्हा रांजणाखालचा वाळूचा ओटाच आठवला. संशोधकांनी त्याला मापे दिली, बांधकाम दिले, आत दमटपणा शेकडा नव्वदच्या आसपास राहतो हे मोजून दाखवले. हे आमच्या आजीला करता आले नसते. तेवढे श्रेय त्यांचे.

आमच्याच जिल्ह्यातले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने इ.स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी बायका ओव्या गात, याचा जुना उल्लेख म्हणून आपल्याकडे तो सांगितला जातो. त्यात अन्नाचा एक भोग आहे आणि पाण्याचाही स्वतंत्र भोग आहे. राजाच्या पिण्याच्या पाण्याची एवढी चर्चा त्या मुलखात व्हावी याचे आम्हाला नवल वाटत नाही. चैत्रात भालकीच्या बसथांब्यावर ज्याने दुपार काढली असेल, त्यालाही वाटणार नाही.

साठवणीची दुसरी रीत म्हणजे वाळवण. हरभऱ्याचा पाला पौष-माघात खुडून सावलीत वाळवायचा, हाताने चुरून मडक्यात भरायचा. पावसाळ्यात चूल ओली, बाजार चुकलेला, अशा दिवशी मूठभर पाला, डाळ आणि लसणाची फोडणी. ताज्या भाजीची चव तिला नसे, वेगळीच एक आंबूस चव असे, आणि काहींना ताज्यापेक्षा तीच आवडे. आम्ही त्या काहींपैकी. मार्गशीर्ष अमावास्येला मात्र सगळे ताजे. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर, धाराशिवपासून बिदर, कलबुर्गीपर्यंत घरेच्या घरे शेतात जेवायला जातात, आणि त्या दिवशीची भज्जी व आंबील हे शेतातच संपवायचे असते. साठवण्याचा प्रश्नच नाही.

मग फ्रिज आला. गोदरेजने भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली १९५८ मध्ये. हैदराबादेत त्याआधी, १९४२ मध्ये, निजामाच्या राज्यातच ऑल्विनचा कारखाना सुरू झाला होता. त्याचेही फ्रिज पुढे घरोघरी दिसू लागले. आमच्या नात्यात पहिला फ्रिज आला तो शहरातल्या घरी, गावी पुष्कळ नंतर. त्यात पहिल्यांदा ठेवले गेले ते पाणी आणि बर्फ, नंतर दूध. भाजी बिचारी बरीच वर्षे बाहेर टोपलीतच होती, आणि बरी होती.

भाजी आत गेली ती शहरात रोज मंडईत जाणे जमेना तेव्हा. आणि तिथून सडण्याला सुरुवात झाली. एका महालक्ष्म्यांची गोष्ट सांगतो. सोळा भाज्यांचा नैवेद्य, त्यासाठी गावाहून येणाऱ्या एका नातेवाइकांबरोबर अंबाडी, घोळ आणि तांदुळजा मुद्दाम मागवला होता. बस पावसात भिजत आली, पिशवीही भिजली. आम्ही दमलेलो. प्लास्टिकच्या पिशवीची गाठ तशीच ठेवून सगळे फ्रिजच्या खालच्या खणात कोंबले, वर पूजेची पाच फळे ठेवली, आणि निश्चिंत झालो. तिसऱ्या दिवशी सकाळी गाठ सोडली. घोळीचा लगदा, तांदुळजाची पाने पिवळी, अंबाडीचे तेवढे शेंडे वाचलेले. सोळाचा आकडा मंडईतल्या पालक-मेथीने भरून काढला. देवीने काही म्हटले नाही. पण ज्या माउलीने गुडघे दुखत असताना बांधावर बसून ती घोळ खुडली होती, तिचा संध्याकाळी फोन आला, "भाजी कशी झाली?" आम्ही म्हटले, "छान झाली." ते खोटे अजून टोचते.

त्या पिशवीत नेमके काय झाले, हे कळायला पुढे बराच काळ गेला. गारवा तर पुरेसा होता. उष्णता दर दहा अंशांनी उतरली की पानाचा श्वास निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. पस्तीस अंशांवरून पाचावर आणले म्हणजे आठव्या हिश्शावर. ही फ्रिजची खरी देणगी, आणि रांजणाला ती कधीच देता आली नसती. पण पिशवी ओली आणि बंद होती, म्हणून पानांवर पाणी साचले. आणि वर फळे होती. पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू सोडते. आंब्याच्या आढीत एक पिकला की बाकीचे पिकतात हे आपल्याला माहीत होते. झाड स्वतःच तो वायू तयार करते हे इंग्लंडात रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सफरचंदांवर सिद्ध केले. तोच वायू पालेभाजीला लागला की पान पिवळे पडते. केळी, सफरचंद, पेरू, टोमॅटो यांच्या शेजारी जुडी ठेवणे म्हणजे तिला म्हातारपण लवकर आणणे. सणात नेमके हेच घडते, कारण पूजेची फळे आणि नैवेद्याची भाजी एकाच वेळी घरात येतात.

उलट बाजूही आहे. पिशवीशिवाय उघडी ठेवलेली कोथिंबीर सुकून चुरा होते. जुन्या फ्रिजमध्ये बर्फाचा कप्पा आतच असायचा आणि बर्फ साचला की बटण दाबून तो वितळवावा लागायचा. आताच्या बर्फ न साचणाऱ्या फ्रिजमध्ये पंखा हवा फिरवतो, हवेतली ओल मागच्या थंड नळ्यांवर जमते, अधूनमधून वितळते आणि मागच्या ताटलीत जाऊन उडून जाते. त्या ताटलीतले थोडे पाणी आपल्या मेथीचे असते. आजी ज्याला वारे म्हणायची, ते आता विजेवर चालते. म्हणून खालच्या झाकणाच्या खणाला महत्त्व आहे. तिथे वारे कमी, ओल जास्त. खणाला खिडकी असेल तर पालेभाजीसाठी ती बंद ठेवायची.

आता आम्ही करतो ते असे. जुडी आली की दोरा किंवा रबर सोडतो, खराब पाने काढतो, धुवत नाही. पावसात भिजून आली असेल तर पंख्याखाली पंचावर पसरून वरचे पाणी जाऊ देतो. मग कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात किंवा भोके पाडलेल्या पिशवीत, खालच्या खणात. पाने आधीच मलूल असतील तर कापड किंचित ओलसर. कापड दोन दिवसांनी बदलतो, आणि हे बदलणेच लोक विसरतात. मेथी मुळांसकट ठेवली तर जास्त टिकते. कोथिंबिरीची मुळे पेलाभर पाण्यात बुडवून वरून पिशवीची सैल टोपी घातली तर आठवडा सहज जातो. मागच्या भिंतीला काही टेकू द्यायचे नाही, तिथे पान गोठते आणि बाहेर काढल्यावर काचेसारखे होऊन गळते. तुळस आत ठेवायचीच नाही, तिला एवढा गारवा सोसत नाही, ती काळी पडते. फळे वेगळ्या कप्प्यात, केळी तर बाहेरच. आठवड्यापेक्षा जास्त ठेवायचे असेल तर पालक उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटे बुडवून, लगेच गार पाण्यात काढून, पिळून वरच्या बर्फाच्या कप्प्यात. भाजीला, डाळीला चालतो. घोळाण्याला अर्थातच नाही. घोळाणा कच्च्या, करकरीत पाल्याचाच.

गावाकडे आता सोयाबीन फार झाले. त्याबरोबर तणनाशक आले, आणि ज्याला तण म्हणून मारतात त्यातच आमची घोळ, तांदुळजा, पाथरी होती. निंदायला माणसे मिळत नाहीत, फवारणी करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण बांधावरून ओटीभर भाजी आणणे आता सहज होत नाही, आणि मंडईत ती विकायला येते तीही क्वचित. पालक वाया गेला तर दुसरा मिळतो. पाथरीची जुडी वाया गेली तर पुढच्या पावसापर्यंत ती चव नाही, आणि घरातल्या मुलांना ते नावही नाही.

यंदा खटकचिंचोळीहून पुन्हा पिशवी येणार आहे. या वेळी कळवून ठेवले आहे की प्लास्टिक नको, दुरडीतच घाला, वरून ओले फडके बांधा, आणि बसमध्ये खिडकीपाशी ठेवू नका. माउलीने फोनवर ऐकून घेतले आणि म्हणाली, "हे मला शिकवालाव का?"