बेअरिंगमधील वंगणन्यूनता
गोळ्यांच्या किंवा रोलरच्या बेअरिंगमध्ये (धारव्यामध्ये) गोळी व धावमार्ग यांच्या स्पर्शस्थानी पुरेसे वंगण पोहोचत नाही, त्या अवस्थेस वंगणन्यूनता म्हणतात. वंगण संपले, असा याचा अर्थ नव्हे. बेअरिंग ग्रीसने भरलेले असूनही ही अवस्था उद्भवू शकते; नेमके हेच पुष्कळदा ध्यानात घेतले जात नाही.

गोळी व धावमार्ग यांना अलग ठेवणारा तेलाचा थर बहुधा १ मायक्रॉनहूनही पातळ असतो. प्रत्येक गोळी जाताना तेल दोन्ही बाजूंस सारते. ते परतण्यापूर्वीच पुढची गोळी आली, तर थर अधिकच पातळ होतो. तेल भरपूर असता वेगाबरोबर थराची जाडी वाढते. न्यूनतेत मात्र वेग वाढला की ती घटते. दाट तेल सावकाश परतते, म्हणून तेही येथे तारक ठरेलच असे नाही. वेडेव्हन, इव्हान्स व कॅमेरॉन यांनी प्रकाशाच्या व्यतिकरणाच्या साहाय्याने केलेला या अवस्थेचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला.

तापमान व आवाज वाढणे, धावमार्ग निस्तेज करडा दिसू लागणे, ही तिची लक्षणे होत. ग्रीस ठासून भरणे हा उपाय नव्हे. घुसळणीमुळे बेअरिंग उलट अधिक तापते.